शेरा आणि शोथ

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. उत्तरपत्रिका, गृहपाठ आणि प्रबंधांची कच्ची प्रकरणे तपासता तपासता हाताला शेरे लिहिण्याचे एक वळण पडून जाते. 'मुद्देसूदपणा नाही', 'विचारात सलगता नाही', 'वाचनाचा अभाव' हे शेरे आम्ही गेली वीसेक वर्षे लिहीत आलो आहोत आणि बहुतेक वेळा ते रास्तही असतात. २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्यापैकी एकाने एम. ए. च्या एका विद्यार्थिनीच्या अंतर्गत परीक्षेच्या लेखनावर असाच एक शेरा लिहिला : 'आळस सोडावा.' ही मुलगी आदल्या वर्षीपर्यंत वर्गातली सर्वांत चोख वाचक होती. आता मात्र तिचे परिच्छेद मधेच तुटत होते, एकच विधान दोन पानांवर दोनदा येत होते, कवीचे नाव एका ठिकाणी चुकले होते.

ती भांडली नाही. वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, शब्द कळतात. पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत त्याची सुरुवात हातातून सुटलेली असते." तिला करोना होऊन गेला होता. ताप पाचव्या दिवशी उतरला होता. ताप गेला म्हणजे आजार गेला, असे तिच्या घरच्यांप्रमाणे आम्हीही धरून चाललो होतो.

तिच्या मेंदूत नेमके काय झाले होते, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही वैद्य नाही. पण तिच्या त्या एका वाक्याने आम्हाला एका इतिहासाकडे नेले. मेंदूला शोथ होतो, म्हणजे सूज-दाह होतो, तेव्हा बुद्धीच्या नितळपणाचे काय होते आणि भोवतालची माणसे त्याला काय नाव देतात, याचा हा इतिहास आहे. त्यात वैद्यकाचा भाग मोठा आहेच. परंतु शब्दांचा भागही आम्हाला तितकाच मोठा वाटला, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांनी वाचायला हवा असेही वाटले.

१

आधी आपल्या भाषेकडे पाहू. तापाच्या भरात माणूस बरळू लागला, की 'वात झाला' किंवा 'सन्निपात झाला' असे मराठीत म्हणतात. सन्निपात हा शब्द आयुर्वेदातला. वात, पित्त आणि कफ हे तिन्ही दोष एकाच वेळी बिघडणे हा त्याचा अर्थ. या शब्दांत एक प्रकारची क्षमा आहे. वातात बडबडणाऱ्या माणसाचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. त्याने शिवी दिली तरी ती त्याची मानली जात नाही. अंग तापलेले हाताला कळते, आणि म्हणून बुद्धीच्या ढळण्याचा दोष शरीराकडे जातो.

'मेंदूज्वर' हा आपल्याकडचा रूढ शब्दही असाच. मेंदूचा आजार म्हटला की त्यात ज्वर असणारच, हे त्या शब्दाने गृहीत धरले आहे. महाराष्ट्राला या ज्वराची ओळख चांगलीच आहे. १९६५ मध्ये नागपूर परिसरातील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांमध्ये सापडलेला विषाणू त्या गावाचे नाव घेऊन आज जगभर ओळखला जातो, आणि २००३ मधील आंध्र प्रदेशातील मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीशी त्याचा संबंध जोडला गेला. अशा साथीत ताप, झटके, बेशुद्धी सारे काही तासांत घडते. तेथे आळसाचा शेरा कोणी मारत नाही.

प्रश्न येतो तो हाताला ताप लागत नाही तेव्हा. रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकात शोथाची चार लक्षणे नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. एकोणिसाव्या शतकात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्को याने त्यांत पाचव्याची भर घातली : त्या अवयवाचे काम बिघडणे. बोटाला शोथ झाला तर ही पाचही लक्षणे आपल्याला दिसतात. मेंदू मात्र कवटीत बंद आहे. त्याची लाली दिसत नाही, सूज बाहेर येत नाही. त्याच्या प्रत्यक्ष ऊतीत वेदना जाणणारी टोकेच नसतात; डोके दुखते ते भोवतालच्या आवरणांमुळे आणि रक्तवाहिन्यांमुळे. उरते ते पाचवे लक्षण. आणि मेंदूचे काम बिघडणे म्हणजे लक्ष, स्मरण, झोप, राग, वाक्य जुळवण्याची शक्ती, यांत बिघाड होणे. या साऱ्या गोष्टी आपण शरीराच्या खात्यावर मांडत नाही. स्वभावाच्या खात्यावर मांडतो.

२

ही मांडणी बदलण्याचा एक मोठा प्रयत्न १८२२ मध्ये पॅरिसमध्ये झाला. आंत्वान बेल हा जेमतेम तेवीस वर्षांचा डॉक्टर शारांतों येथील मनोरुग्णालयात काम करत होता. तेथे काही रुग्ण असे होते की त्यांना आपण राजे आहोत, अमाप धनाचे मालक आहोत, असे वाटू लागे. मग बोलणे अडखळू लागे, पाय लटपटत, आणि शेवटी बुद्धी व शरीर दोन्ही निकामी होऊन मृत्यू येई. वेड आधी लागते आणि पक्षाघात ही त्यातली नंतरची गुंतागुंत, असे तेव्हा मानत. बेलने सहा रुग्णांचे वृत्तांत मांडून दाखवले की शवविच्छेदनात मेंदूच्या आवरणांचा जुनाट शोथ आढळतो, आणि वेड व पक्षाघात ही दोन्ही त्याचीच रूपे आहेत. भ्रमाचे मूळ डोळ्यांनी दिसेल अशा ठिकाणी दाखवण्याचा हा पहिल्या ठोस प्रयत्नांपैकी एक होता. त्याचे म्हणणे पचायला वैद्यकाला वेळ लागला. या आजाराच्या मुळाशी उपदंश म्हणजे सिफिलिस आहे, याचा निर्णायक पुरावा १९१३ मध्ये मिळाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांना अशा मृत रुग्णांच्या मेंदूत त्याचे जंतू सापडले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे मोपासाँ आठवणे साहजिक आहे. १८९२ च्या जानेवारीत त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला, त्याला पॅरिसमधील पासी येथील डॉक्टर ब्लांश यांच्या रुग्णालयात ठेवले गेले, आणि १८९३ च्या जुलैत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तेथेच तो वारला. उपदंशाने त्याचा मेंदू ग्रासला होता. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'ल ऑर्ला' या कथेत एका अदृश्य सत्तेने पछाडलेला निवेदक आपल्या शहाणपणाबद्दल स्वतःच शंका घेतो. त्यामुळे ही कथा म्हणजे रुग्णाच्या मेंदूचा आलेख, असे वाचन वारंवार झाले आहे.

आम्हाला हे वाचन मान्य नाही, आणि त्याचे कारण कथेच्या रचनेतच आहे. मोपासाँने ही कथा दोनदा लिहिली. १८८६ च्या पहिल्या रूपात रुग्ण डॉक्टरांच्या बैठकीसमोर आपली हकीकत सांगतो. १८८७ च्या रूपात त्याने ती चौकट मोडली आणि कथेला रोजनिशीचे रूप दिले, म्हणजे निवेदकाला ऐकणारे कोणी उरलेच नाही. कोणत्या रूपात भय अधिक दाटेल याचा हा पूर्ण शुद्धीतला, कारागिराचा निर्णय आहे. शोथाचा इतिहास वाचताना ही सावधगिरी सुरुवातीलाच बाळगलेली बरी. शरीराचे कारण नाकारून माणसाला नैतिक दोष देणे ही एक चूक. शरीराचे कारण सापडताच त्याचे सारे बोलणे, सारे लेखन लक्षणांत जमा करणे ही दुसरी चूक. दोन्हींत माणसाचे म्हणणे ऐकायचे राहून जाते.

३

१९१६-१७ चा हिवाळा. महायुद्ध चालू होते. व्हिएन्नाच्या मनोविकार-चिकित्सालयात कॉन्स्टँटिन फॉन इकॉनोमो हा डॉक्टर युद्धातली वैमानिकाची कामगिरी सोडून परतला होता. त्याच्यापुढे येणारे रुग्ण निरनिराळी निदाने घेऊन येत होते. कोणाला मेंदूच्या आवरणाचा दाह, कोणाला वात, कोणाला आणखी काही. परंतु त्यांतल्या अनेकांत एक गोष्ट समान होती. ते झोपत. घास तोंडात असताना झोपत, बसल्या जागी झोपत. हलवून जागे केले तर प्रश्नाचे नीट उत्तर देत आणि पुन्हा झोपेत बुडत. डोळ्यांच्या पापण्या पडलेल्या असत, नजर एका जागी ठरत नसे.

१९१७ च्या एप्रिलमध्ये त्याने हे रुग्ण व्याख्यानातून मांडले आणि १० मे रोजी त्याचा लेख प्रसिद्ध झाला. आजाराला त्याने नाव दिले 'एन्सेफलायटिस लेथार्जिका', म्हणजे निद्रेत बुडवणारा मस्तिष्कशोथ. त्याच सुमारास फ्रान्समध्ये झाँ-रने क्रुशे यानेही तशा रुग्णांची नोंद केली होती. आफ्रिकेतील माश्यांमुळे होणाऱ्या निद्रारोगाशी याचा संबंध नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाशी त्याचे नाते अनेकांनी जोडले, पण पहिले रुग्ण त्या साथीच्या आधीचे आहेत. ही साथ दहा वर्षे जगभर फिरली. जगभरात लाखो लोकांना ती झाली असावी आणि त्यांतले सुमारे एकतृतीयांश दगावले असावेत, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. नंतर ती ओसरली. तिचे कारण आजही निश्चित झालेले नाही.

फॉन इकॉनोमोचे मोठेपण केवळ नाव देण्यात नव्हते. रुग्णांत त्याला एक विरोध दिसला : बहुतेक जण अखंड झोपत, तर काहींना झोप मुळीच येत नसे. मृत रुग्णांचे मेंदू तपासताना त्याला आढळले की अतिनिद्रेच्या रुग्णांत शोथ हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, मध्यमेंदूशी तो जेथे जुळतो तेथे आहे. निद्रानाशाच्या रुग्णांत तो पुढच्या भागात आहे. त्यावरून त्याने अनुमान काढले की जागेपणा आणि झोप या दोन्हींना मेंदूत आपापली ठिकाणे आहेत, आणि दोन्ही अवस्था मेंदू सक्रियपणे घडवतो. १९९० च्या दशकातील संशोधनाने या अनुमानाला मोठा आधार दिला. आपल्या नीतिकथांत आळशी माणूस झोपतो आणि उद्योगी माणूस जागतो. त्या नीतीखाली काही थोड्या पेशींचे समूह असतात आणि ते सुजले तर उद्योगी माणूसही घास तोंडात धरून झोपतो, हे या अभागी रुग्णांनी जगाला शिकवले.

एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. याच चिकित्सालयाचा प्रमुख युलिउस वाग्नर-याउरेग याने त्याच वर्षी, १९१७ च्या जूनमध्ये, बेलने वर्णिलेल्या त्या जुन्या आजाराच्या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण केली. तापाने उपदंशाचे जंतू मरतील हा हिशेब होता. काही रुग्ण सुधारले, काही हिवतापानेच गेले. १९२७ मध्ये त्याला या उपचाराबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आल्यावर हा उपचार मागे पडला. म्हणजे एकाच इमारतीत एकीकडे मेंदूच्या शोथाने झोपलेल्यांचा अभ्यास चालू होता आणि दुसरीकडे मेंदूच्या शोथाने वेडावलेल्यांना ताप देऊन शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न.

४

या साथीतले सर्वांत कष्टदायक प्रकरण मुलांचे आहे. मोठी माणसे बरी झाल्यासारखी वाटून काही वर्षांनी कंपवातासारखी ताठरत गेली. मुलांत मात्र अनेकदा वागणूक पालटली. साथीपूर्वी शांत असणारी मुले रात्रभर जागू लागली, चोऱ्या करू लागली, भावंडांना मारू लागली, शाळेतून काढली गेली. त्यांतल्या अनेकांची बुद्धी शाबूत होती. आपण केले ते वाईट हे त्यांना कळत होते आणि त्याचा पश्चात्तापही होत होता. आवरणे तेवढे जमत नव्हते. डॉक्टरांच्या नोंदींत हा विरोध पुन्हा पुन्हा येतो.

या मुलांना काय म्हणावे, हा प्रश्न ब्रिटनमध्ये कायद्यापर्यंत गेला. तेथील १९१३ च्या कायद्यात बुद्धिदौर्बल्याचे जे वर्ग होते, त्यांत 'नैतिकदृष्ट्या मूढ' असा एक वर्ग होता. पण ही मुले जन्मतः तशी नव्हती; आजाराने तशी झाली होती. त्यांना या व्यवस्थेत बसवण्यासाठी १९२७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. अठरा वर्षांच्या आत रोगामुळे किंवा इजेमुळे आलेले दौर्बल्यही कायद्यात धरले गेले, आणि 'मूढ' या जागी 'सदोष' असा शब्द आला. विशेषण मात्र तेच राहिले : नैतिक. कारण मेंदूच्या ऊतीत आहे हे कायद्याने मान्य केले; नाव देण्याची वेळ आली तेव्हा नीतीचा शब्द सुटला नाही. अर्थात या दुरुस्तीमुळे काही मुलांना तुरुंगाऐवजी उपचाराची जागा मिळाली असेल, हेही विसरता कामा नये. पण एका शब्दाची चिवट पकड किती असते, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या वाचनात क्वचितच आले आहे.

विद्वानही या पकडीतून सुटले नाहीत. या रुग्णांना मधूनच एक झटका येई. डोळे आपोआप वर वळून तेथेच मिनिटे, कधी तास खिळून राहत. अमेरिकेतील नामवंत डॉक्टर स्मिथ एली जेलिफ याने १९३२ मध्ये या झटक्यांवर पुस्तक लिहिले आणि त्यांत मनोविश्लेषणाच्या पद्धतीने अबोध मनातील संघर्ष वाचला. जेलिफ निष्काळजी नव्हता; रुग्णांचे बोलणे त्याने मन लावून ऐकले. परंतु खिळलेल्या डोळ्यांना अर्थ असलाच पाहिजे, हा हट्ट आम्हा साहित्याच्या लोकांना ओळखीचा वाटावा असा आहे. प्रत्येक खुणेला अर्थ लावण्याची आमचीही खोड आहे.

५

साथ ओसरली, पण वाचलेले रुग्ण राहिले. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील बेथ अब्राहम रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स हा तरुण डॉक्टर रुजू झाला तेव्हा तेथे सुमारे ऐंशी असे रुग्ण होते. अनेक जण दशकानुदशके पुतळ्यासारखे बसून होते. त्यांच्या मेंदूतला शोथ केव्हाच विझला होता. मागे राहिली होती जळालेली जागा. मेंदूतील कृष्णद्रव्य नावाच्या भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या होत्या. १९६९ मध्ये त्यांना एल-डोपा हे औषध दिले गेले आणि कित्येक जण उठले, चालले, बोलू लागले. एका स्त्रीचा आजार १९२६ मध्ये सुरू झाला होता. जागी झाल्यावर ती जणू १९२६ मध्येच बोलत होती, तेव्हाच्या गाण्यांबद्दल, तेव्हाच्या माणसांबद्दल. पुढे औषधाचे दुष्परिणाम सुरू झाले, आणि अनेकांची जाग टिकली नाही. 'अवेकनिंग्ज' हे सॅक्सचे पुस्तक १९७३ मध्ये आले. त्यावरून स्फुरलेले हॅरॉल्ड पिंटरचे 'अ काइंड ऑफ अलास्का' हे नाटक १९८२ मध्ये आले. चित्रपट १९९० मध्ये.

या पुस्तकाने एक मूलभूत गोष्ट दाखवली. बाहेरून जी मने विझलेली वाटत होती, त्यांत अनेकदा आत सारे ऐकू येत होते, कळत होते. म्हणजे गढूळपणा दोन प्रकारचा असतो. एकात पाणीच गढूळ होते; दुसऱ्यात पाणी नितळ असते, पण वरचे झाकण उघडत नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखेच दिसतात. परिचारिकांना, नातलगांना, डॉक्टरांना तो भेद कळायला चाळीस वर्षे आणि एक औषध लागले.

सॅक्सच्या लेखनाबद्दल एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. रुग्णांच्या तोंडी त्याने घातलेली भाषा फार सुघड आहे, तिच्यात त्याचा स्वतःचा आवाज मिसळला आहे, अशी टीका होत आली आहे, आणि ती टाळता येण्यासारखी नाही. जो बोलू शकत नव्हता त्याच्या वतीने बोलणे हे उपकाराचे काम आहे. तसेच ते अधिकाराचेही आहे. दलित आत्मकथनांनंतरच्या मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. कोणाची वेदना कोणाच्या वाक्यरचनेत येते, हे आपण विचारायला शिकलो आहोत. रुग्णाबाबतही ते विचारायला हवे.

६

मग रुग्णाने स्वतःच लिहिले तर? २००९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका वृत्तपत्रात काम करणाऱ्या सुझाना कॅहलान या चोवीस वर्षांच्या पत्रकार मुलीला संशय येऊ लागले, झोप उडाली, झटके आले, वेडाचे प्रकार दिसू लागले. मेंदूची छायाचित्रे ठीक आली. एका डॉक्टरने मद्य आणि अतिश्रम यांच्याकडे बोट दाखवले. शेवटी सुहेल नज्जार या डॉक्टरने तिला एक साधे काम दिले : घड्याळाचे चित्र काढायचे. तिने वर्तुळ काढले आणि एकपासून बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले. डावी बाजू कोरी. मेंदूचा उजवा गोलार्ध डावीकडच्या जगाकडे लक्ष ठेवतो. तो शोथाने ग्रासला आहे, हे त्या कोऱ्या अर्ध्या वर्तुळाने सांगितले.

या आजाराचे वर्णन जोसेप दालमाऊ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बारा स्त्रियांच्या उदाहरणांवरून केले होते. यात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. तिने तयार केलेली प्रतिपिंडे चेतापेशींवरील एनएमडीए नावाच्या ग्राहींना चिकटतात आणि ते ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. स्मरण आणि शिकणे यांना हे ग्राही अत्यावश्यक आहेत. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रुग्ण बरेच सावरतात. २००७ पूर्वी अशा किती तरुण स्त्रिया मनोरुग्णालयांत राहून गेल्या असतील, या विचाराने मन दडपते.

कॅहलानने २०१२ मध्ये 'ब्रेन ऑन फायर' हे पुस्तक लिहिले. त्याचा प्रश्न साहित्यिक आहे. आजाराच्या त्या महिन्याची तिला जवळजवळ काहीच आठवण नाही. तिने वडिलांची रोजनिशी वाचली, रुग्णालयातील चित्रफिती पाहिल्या, डॉक्टरांना आणि नातलगांना प्रश्न विचारले आणि पत्रकाराने परक्या माणसाची बातमी करावी तशी आपली कथा जमवली. प्रथमपुरुषी निवेदन, आणि निवेदक त्या प्रसंगी हजर नाही! आत्मचरित्राची जी व्याख्या आम्ही वर्गात सांगतो, ती येथे अपुरी पडते. जिने हे सोसले तिची साक्ष इतरांच्या वह्यांत होती. त्या वह्या कोणी लिहिल्याच नसत्या, तर आज तिच्याजवळ आपलीच गोष्ट नसती.

७

आता शोथ बुद्धीला कसा गढूळ करतो, हे थोडक्यात. तीव्र मेंदूज्वरात सूज येते, आणि कवटीत तिला जागा नसल्याने दाब वाढतो. दुसरा मार्ग वर आला तो, प्रतिपिंडांचा. तिसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. १९१९ मध्ये स्पेनमध्ये पीओ देल रिओ-ओर्तेगा याने मेंदूतील एका वेगळ्या प्रकारच्या पेशी ओळखल्या आणि त्यांना 'मायक्रोग्लिया' हे नाव दिले. या मेंदूतील राखणदार पेशी. एरवी त्या कचरा उचलतात, चेतापेशींमधील नको असलेले जोड छाटतात. संसर्ग झाला की त्या भडकतात, रासायनिक संदेश सोडतात, आणि कधी संसर्ग संपल्यावरही लवकर शांत होत नाहीत. शिवाय मेंदूत जंतू शिरलाच पाहिजे असेही नाही. शरीरात अन्यत्र चाललेल्या लढाईचे संदेश मेंदूपर्यंत पोचतात. आजारी जनावर कोपऱ्यात पडून राहते, खात नाही, कळपापासून दूर होते. १९८८ मध्ये बेंजामिन हार्ट याने मांडले की हे वागणे म्हणजे केवळ अशक्तपणा नसून शक्ती राखून ठेवण्याची शरीराची योजना आहे. माणसातही यकृताच्या काही आजारांवर इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्तीचेच रसायन औषध म्हणून दिले जात असे, तेव्हा अनेक रुग्णांना खिन्नता आणि बुद्धीचे जडत्व येत असे.

करोनानंतरच्या 'डोक्यातील धुक्या'चे संशोधन याच वाटेने चालले आहे. २०२२ मध्ये उंदरांवरील एका अभ्यासात फुप्फुसांपुरत्या सौम्य संसर्गानंतरही मेंदूच्या श्वेतद्रव्यात मायक्रोग्लिया भडकलेल्या आढळल्या. २०२४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी असे धुके जाणवणाऱ्या रुग्णांत रक्त आणि मेंदू यांच्यामधली संरक्षक भिंत झिरपत असल्याचे दाखवले. हे अखेरचे निष्कर्ष नव्हेत. प्रत्येक थकव्याला, प्रत्येक विस्मरणाला शोथ हे नाव देणेही चुकीचेच. ते नाव घेऊन बाजारात औषधी पुड्या विकणारे आजच पुष्कळ झाले आहेत. कारणे अनेक असू शकतात, आणि ती शोधणे तज्ज्ञांचे काम आहे.

आमचे काम त्याआधीचे आहे. हा सारा इतिहास वाचून आम्हाला जाणवते ते एवढेच, की निदान पोचण्यापूर्वी तेथे कोणाचा तरी शेरा पोचलेला असतो. आळशी, दुर्वर्तनी, नाटकी, दारूबाज. तो शेरा मारणारे बहुतेक वेळा डॉक्टर नसतात. आईबाप, शिक्षक, वरिष्ठ अधिकारी असतात, आणि त्यांची भावना वाईट असते असेही नाही. ते एका दिसणाऱ्या गोष्टीला आपल्याजवळचा सोपा शब्द लावतात. तो शब्द मग रुग्णही स्वतःला लावून घेतो, आणि बोलायचे थांबतो.

त्या विद्यार्थिनीच्या वहीकडे आम्ही नंतर पुन्हा पाहिले. पहिल्या वेळी आम्ही त्रुटी मोजल्या होत्या. दुसऱ्या वेळी दिसले की त्रुटींना एक आकार आहे : छोटी वाक्ये निर्दोष होती, तुटली होती ती लांब, पोटवाक्यांची वाक्ये. पुनरुक्ती झाली होती ती पान उलटल्यावर. जुन्या कवितांवरची तिची मते पूर्वीइतकीच स्वतंत्र होती. ती वही त्या घड्याळाच्या चित्रासारखीच होती. कोरी बाजू समोर होती, आणि वाचन हाच ज्यांचा व्यवसाय त्या आम्हाला ती वाचता आली नव्हती.

आम्ही तिला मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला सुचवले, मुदत वाढवून दिली, तोंडी परीक्षेची सोय होते का ते पाहिले. तिने एक वर्ष थांबून पदवी पूर्ण केली. आता ती पूर्वीइतकी भरभर वाचत नाही असे सांगते. शेरा लिहिलेली ती वही तिने आम्हाला परत दिली नाही, आणि आम्हीही ती मागितली नाही.